मालकाच्या पायाची करंगळी

भाऊसाहेबांना पहिला धक्का बसला तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा साबणात होता. खिडकीशी उभे राहून ते दाढी करत होते आणि पलीकडच्या खिडकीतून वकीलकाका बातमी देत होते, की मागच्या गल्लीतल्या लाकडाच्या वखारीत ओंडका घसरला, हमालाचा पाय मोडला आणि आता वखारवाल्याचं काही खरं नाही. भाऊसाहेब म्हणाले, अरेरे. म्हणजे हमालाबद्दल म्हणाले. वकीलकाका म्हणाले, हमालाचं हाड जुळेल हो, वखारवाला कुठला जुळतोय. कामावरच्या माणसाला कामावर काही झालं की भरपाई मालकाच्या बोकांडी, मग तो स्वतःच्या धांदरटपणाने का पडलेला असेना. एवढं बोलून ते थांबले आणि त्यांनी भाऊसाहेबांकडे नीट निरखून पाहिलं.

"तुमच्याकडेही माणसं आहेत ना कामाला?"

वस्तरा गालावर जिथे होता तिथेच राहिला.

वकीलकाका हे काही वकील नव्हते. ते कोर्टात शिपाई होते. पण जन्मभर दाराशी उभं राहून ऐकलेला कायदा आत बसून ऐकलेल्या कायद्यापेक्षा पक्का असतो असं त्यांचं मत होतं, आणि गल्लीचंही तेच मत झालं होतं, कारण त्यांना फी द्यावी लागत नसे.

तर भाऊसाहेबांकडे माणसं होती. घराच्या खालच्या दोन खोल्यांत त्यांचा पुठ्ठ्याची खोकी करायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक पुठ्ठा कापायचं मशीन, एक पिना मारायचं मशीन, खळीचं पातेलं आणि छतापर्यंत रचलेली चपला-बुटांची रिकामी खोकी. कापायच्या मशीनवर मिस्त्री. चिकटवायला दोघी जणी, त्या एकमेकींच्या नणंद-भावजय होत्या आणि एकमेकींशी बोलत नसत. काही सांगायचं झालंच तर खळीच्या पातेल्याला उद्देशून सांगत. पिनांच्या मशीनवर भाऊसाहेबांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत. आणि दाराशी, फिरत्या खुर्चीत, खुद्द भाऊसाहेब.

ती खुर्ची भाऊसाहेबांनी आपल्या जुन्या कचेरीच्या लिलावातून आणली होती. पाणीखात्यात त्यांनी उभा जन्म काढला, पण तिथे त्या खुर्चीत कायम दुसराच कुणीतरी बसलेला असे. कारखाना नोकरीत असतानाच सुरू झाला होता. नोकरदाराला धंदा करायची मनाई, तेव्हा असे सगळेच जी सोय करतात तीच त्यांनीही करून टाकली होती आणि विसरून गेले होते. निवृत्त झाल्यावर ते जिना उतरून खाली आले, खुर्चीत बसले आणि मिस्त्री त्यांना "मालक" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी असं काही म्हणालं होतं. पेन्शनपेक्षाही तो एक शब्द त्यांना जास्त पुरत होता.

आणि आता वकीलकाका सांगत होते, की त्या शब्दाला शेपूट आहे.

त्या दिवशी भाऊसाहेबांनी अर्धी दाढी तशीच ठेवून फोन उचलला आणि आपल्या साडूला लावला. साडू विमा विकत असे. गेली कित्येक वर्षं साडू पुढच्या दाराने आला की भाऊसाहेब मागच्या दाराने बाहेर पडत, आणि हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे नातं गोडीगुलाबीचं होतं. भाऊसाहेब आपणहून फोन करताहेत म्हटल्यावर साडूने पहिलं विचारलं ते, ताई बरी आहे ना.

साडू तासाभरात हजर झाला. कामगारांना दुखापत झाली, हातपाय गेला, जीव गेला, तर मालकाच्या वतीने कंपनी भरपाई देते असा विमा असतो, असं त्याने चहा पिता पिता समजावलं आणि मग बॅगेतून एक तक्ता काढला. हा भाऊसाहेबांना बसलेला दुसरा धक्का, आणि तो पहिल्यापेक्षा जोरात बसला. तक्त्यात माणूस सुटा करून लिहिला होता. हात कोपरापासून गेला तर एवढे टक्के, मनगटापासून गेला तर तेवढे. अंगठ्याचा दर वेगळा, बोटाचा वेगळा, बोटाच्या एकेका पेराचा आणखी वेगळा. एका डोळ्याचं एक, दोन्हींचं भलतंच. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात असतो तसा सगळा प्रकार. पाणीखात्यात भाऊसाहेबांनी नाही नाही ते तक्ते पाहिले होते, पण आपल्या मिस्त्रींचा अंगठा कुणीतरी आधीच मोजून ठेवलाय, हे वाचून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

त्यानंतर त्यांना माणूस आख्खा दिसेनासाच झाला. मिस्त्री पुठ्ठा सरकवू लागले की भाऊसाहेबांना मिस्त्री दिसत नसत, मनगट दिसे. भावजय वाकली की कणा. ही गोष्ट मनात ठेवतील तर ते भाऊसाहेब कसले. त्यांनी तक्ता सगळ्यांना वाचून दाखवला. मिस्त्रींचं डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं एक पेर जुन्या मालकाकडेच गेलेलं होतं; त्यांनी फार आस्थेने त्या पेराचा दर विचारला, ऐकला, आणि "म्हणजे आपलं फुकटच गेलं," म्हणून दिवसभर हळहळत राहिले. नणंदेने पातेल्याला विचारलं, की काही माणसं कामावर मेली तर त्यांचे पैसे कुणाला जातात. नवऱ्याला, असं कळल्यावर ती बराच वेळ विचारात पडली, कारण भावजयीचा नवरा म्हणजे तिचा सख्खा भाऊच. भावजयीने त्या दिवसापासून आपला चहा आपण गाळून घ्यायला सुरुवात केली.

विम्याच्या कागदांवर सह्या झाल्या. साडूने जिथे बोट ठेवलं तिथे वहिनींनी खळीचा हात पदराला पुसून सही केली आणि त्या मशीनकडे परत गेल्या. त्या सहीखाली भाऊसाहेबांनी आपली पाणीखात्यातली, तीन फेऱ्यांची, लांबलचक सही केली. वर काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं नाही. मालकाने वाचत बसायचं नसतं.

एक अट मात्र होती. कापायच्या मशीनला पात्याच्या पुढे एक लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. ही जाळी मशीन आलं त्याच दिवशी मिस्त्रींनी सुतळीने वर बांधून टाकली होती, आणि ती सुतळी आता इतकी काळी, टणक झाली होती की ती मशीनचाच भाग वाटे. साडू म्हणाला, जाळी खाली पाहिजे. भाऊसाहेबांनी मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "बघतो."

मिस्त्रींचं "बघतो" ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. त्यात नकार नसे, उद्धटपणा नसे, फक्त ती गोष्ट या जन्मी होणार नाही एवढं नक्की असे. भाऊसाहेबांनी गोडीने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, तक्ता पुन्हा वाचून पाहिला. मिस्त्रींचं म्हणणं होतं की जाळी खाली केली की पातं दिसत नाही, आणि ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्याबरोबर काम करायचं तरी कसं. भाऊसाहेब खुर्चीत जाऊन बसत, गर्रकन फिरत आणि भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ मालक असत.

जाळी खाली येईना म्हटल्यावर भाऊसाहेबांनी बाकीच्या सगळ्या बाजूंनी सुरक्षेची मोहीम उघडली. हातमोजे आणले. ते खळीला चिकटले, खळ खोक्याला चिकटली, आणि एका चपलेच्या दुकानदाराचा फोन आला, की माल पोचला, पण एका खोक्यात हातमोजा निघाला, तो कुठल्या पायाचा. शिरस्त्राणं आणली. पुठ्ठ्याच्या कारखान्यात डोक्यावर पडून पडून काय पडणार, तर खोकं, आणि तेही रिकामं; पण नियम म्हणजे नियम. नणंदेने आपलं शिरस्त्राण उलटं करून त्यात खळ कालवायला घेतली आणि पातेल्यापेक्षा बरं आहे असं पातेल्यालाच सांगितलं. मग त्यांनी शिट्टी आणली. धोका दिसला की भाऊसाहेब शिट्टी फुंकत. एकदा मिस्त्रींचा हात पात्याशी असताना ती कानाशी वाजली आणि मिस्त्री असे दचकले की उरलेली सगळी पेरं त्या क्षणी जायचीच बाकी होती. वहिनी उठल्या, त्यांनी भाऊसाहेबांच्या हातातून शिट्टी काढून घेतली, पिनांच्या डब्यात टाकली आणि पुन्हा खाली बसून काम सुरू केलं. भाऊसाहेबांना चारचौघांत फार लागलं ते.

तेव्हा वकीलकाकांनी सल्ला दिला, की फलक लावा. मालकाने इशारा दिला होता हे रस्त्यावरून दिसलं पाहिजे. पुठ्ठ्याचा नको, कायदा पुठ्ठ्याला मानत नाही, लोखंडी पत्र्याचा करा. रंगाऱ्याने चांगला दणकट फलक करून आणला. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: "सावधान. आपला प्रत्येक अवयव अमूल्य आहे." हे अर्थात तक्त्याच्या सरळ विरुद्ध होतं, पण फलकाने खरं बोलावं अशी कुणाची अपेक्षा नसते.

मिस्त्री स्टुलावर चढून फलक लावायला निघाले. भाऊसाहेब ओरडले, की खबरदार. पडलात तर? नणंद नको, भावजय नको, कुणीच नको. या छपराखाली एकच माणूस असा आहे जो पडला तरी कुणाला भरपाई द्यावी लागत नाही, आणि तो म्हणजे मालक. हा हिशेब त्यांना इतका बिनतोड वाटला की ते खुशीत स्टुलावर चढले. खिळा भुसभुशीत भिंतीत होता. फलक सुटला, हवेत एकदा वळला आणि उभ्या कडेने भाऊसाहेबांच्या डाव्या पायाच्या करंगळीवर आला.

कारखाना सुरू झाल्यापासून तिथे झालेला हा पहिला अपघात.

सगळे धावले. नणंद आणि भावजय घाबरून एकमेकींशी बोलल्यासुद्धा. डॉक्टरांनी करंगळीचं हाड मोडल्याचं सांगितलं, घोट्यापर्यंत पांढरं प्लास्टर घातलं आणि बोट आता पूर्वीसारखं सरळ होईल याची खात्री नाही, असंही वर सांगितलं. दुखत होतं हे खरं, पण दुखण्यापेक्षा भाऊसाहेबांना विस्मयच जास्त वाटत होता. एवढी दक्षता घेतली आणि आख्ख्या कारखान्यात मोडलं ते दक्षतेनेच.

साडू भेटायला आला. भाऊसाहेब म्हणाले, निदान विम्याचे पैसे तरी. साडू म्हणाला की या विम्यात मालकाला काही मिळत नसतं, तो कामावरच्या माणसांसाठी असतो. भाऊसाहेब उडालेच. हप्ता भरायचा मालकाने, पडायचंही मालकाने, आणि मिळायचं नाही? साडू म्हणाला, "पण भाऊसाहेब, तुम्हाला मिळेल. मी अर्ज पाठवलाय. उद्या कंपनीच्या बाई चौकशीला येतील, तेव्हा तुम्ही फक्त गप्प बसा." मालकाला मिळत नाही पण तुम्हाला मिळेल, हे कोडं भाऊसाहेबांना काही उलगडेना. साडू आहे, नात्याने सूट मिळत असेल, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

कंपनीच्या बाई वेळेवर आल्या. बारीक चणीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. चहा नको म्हणाल्या. त्यांनी मशीनं पाहिली, सुतळी पाहिली, फलक पाहिला, फलकावरची अक्षरं दोनदा वाचली. मग वही उघडून विचारलं, मालक कोण?

भाऊसाहेब प्लास्टरसकट खुर्चीत ताठ झाले. "मी," ते म्हणाले.

साडूने त्यांच्या चांगल्या पायावर पाय दिला. आणि पिनांच्या मशीनकडून, हात न थांबवता, वहिनी म्हणाल्या, "मी."

मशीनची एक पिन खट्कन बसली. पुढचा काही वेळ भाऊसाहेबांना फक्त तेवढाच आवाज ऐकू येत राहिला. मग एकेक आठवायला लागलं. नोकरीत असताना केलेली ती सोय. धंद्याचा परवाना बायकोच्या नावे, बँकेतलं खातं बायकोच्या नावे, सगळे करतात तसंच. ते निवृत्त झाले, खाली उतरले, खुर्चीत बसले, पण परवान्यावरचं नाव बदलायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आणि विम्याच्या कागदावर वहिनींच्या खाली त्यांनी ती तीन फेऱ्यांची सही ठोकली होती, ती साक्षीदार म्हणून. आपल्याच कारखान्यात आपण निव्वळ साक्षीदार आहोत हे कळल्यावर माणसाचं तोंड जसं होतं, तसं भाऊसाहेबांचं झालं.

बाई सरळ बोलल्या. हे गृहस्थ मालक असतील, तर विमा भलत्याच व्यक्तीने उतरवलेला ठरतो आणि तो आख्खा रद्द होतो, मिस्त्रींचाही आणि या दोघींचाही. मालक या बाई असतील, तर विमा पक्का, आणि मग हे गृहस्थ इथे कोण, एवढाच प्रश्न उरतो. इथे हुकूम कोण देतं?

मिस्त्रींचा हात पात्याशी होता. भाऊसाहेबांनी तो पाहिला. मग त्यांनी शेवटचा प्रयत्न केला, कारण माणूस खुर्ची सहजासहजी सोडत नाही. ते घसा खाकरून म्हणाले, "मिस्त्री, ती जाळी खाली करा."

"बघतो," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी हातातलं खोकं बाजूला ठेवलं. "मिस्त्री, जाळी," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी खिशातून चाकू काढून सुतळी कापली. जाळी जन्मात पहिल्यांदा खाली आली, करकरली आणि पात्यासमोर उभी राहिली. महिनाभर ते जिच्यासाठी घसा कोरडा करत होते ती जाळी एका शब्दात खाली येते, आणि तो शब्द त्यांचा नसतो. पुढे त्यांनी मिस्त्रींना विचारलं, की मग माझं का ऐकलं नाहीत. मिस्त्री सरळ मनाने म्हणाले, की वहिनी पहिल्यांदाच म्हणाल्या.

बाईंचे प्रश्न संपले नव्हते. यांना पगार मिळतो का? भाऊसाहेब म्हणाले, पगार कसला. पण भाऊसाहेब पेन्शन आणून बायकोच्या हातात देत आणि दर महिन्याला वहिनी त्यांना हातखर्चाला म्हणून कारखान्याच्या गल्ल्यातून ठरावीक रक्कम काढून देत, हे भावजयीने ताबडतोब सांगितलं. काम काय करतात? नणंद म्हणाली, खोकी मोजतात. भावजय म्हणाली, आणि चुकतात. मग बाईंनी पेन सावरलं आणि भाऊसाहेबांना म्हणाल्या, हे तुम्ही स्वतः सांगायला हवं. तुम्ही इथे मालक आहात की नोकर?

भाऊसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. मिस्त्री पाहत होते. मालक म्हणावं तर खुर्ची राहते आणि उद्या त्या पात्याखाली काही झालं तर या माणसाला तक्त्यातलं एक पेरही मिळणार नाही. अंगात कळ उठली, ती करंगळीची नव्हती.

"नोकर," भाऊसाहेब म्हणाले. आवाज बारीक निघाला, म्हणून त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं.

हुद्दा काय लिहू, बाईंनी वहिनींना विचारलं. भाऊसाहेबांनी आशेने बायकोकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाली तरी चालेल, अशी मनाची तयारी त्यांनी केली होती.

"मदतनीस लिहा," वहिनी म्हणाल्या. "मॅनेजर मिस्त्री आहेत."

बाईंनी तक्ता उघडला, बोट खाली खाली नेलं आणि अगदी तळाशी थांबवलं. पायाची करंगळी सगळ्यांत शेवटी होती. एवढी वर्षं मिरवलेलं मालकपण देऊन हातात काय आलं, तर तक्त्यातली शेवटची ओळ. साडूने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. साडूचा हात खांद्यावर यावा, इतके वाईट दिवस भाऊसाहेबांनी पूर्वी पाहिले नव्हते.

बाई वही मिटून उठल्या, तेव्हा भाऊसाहेबांच्या डोक्यात उगाच एक प्रश्न आला. म्हणजे या सगळ्यात मालकिणीला काही झालं तर? त्यांनी तो विचारलासुद्धा. बाई दारातून म्हणाल्या, मालकाचं यात काही नसतं, तुम्हाला माहीतच आहे.

हो, माहीत होतं. कालच साडूने सांगितलं तेव्हा ते उडाले होते, पण तेव्हा मालक ते स्वतः होते. आता त्यांनी पिनांच्या मशीनकडे पाहिलं. तर्जनीच्या टोकाला पिनांनी पडलेला घट्टा. मनगटावर उकळत्या खळीचा जुना चट्टा, तिथे कधी भाजलं हे त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. सगळ्यांचे हातपाय त्यांनी मोजले होते, मिस्त्रींचे, नणंदेचे, भावजयीचे, शेवटी स्वतःचेही. आणि ज्या हातांवर हे सगळं चालत होतं, ते हात त्या तक्त्यात कुठेच नव्हते. दाढी करताना बसला होता तो धक्का नव्हे हा, हा खरा होता.

वहिनींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी फलक उचलला, स्टूल भिंतीशी ओढलं आणि एवढा खर्च करून आणलाय तर लावून तरी टाकते, म्हणत त्या वर चढल्या. स्टूल डुगडुगलं.

भाऊसाहेब खुर्चीतून उठले. प्लास्टर फरशीवर आपटत, एका पायावर उड्या मारत ते तिथे पोचले आणि दोन्ही हातांनी त्यांनी स्टूल धरलं. खुर्ची मागे रिकामी, आपली आपणच फिरत राहिली.

"मालकीणबाई, खाली उतरा," ते म्हणाले. "तुमचा विमा नाही."

वहिनींनी वरून खाली पाहिलं. नवऱ्याच्या तोंडावर काहीतरी असं होतं की त्या हसता हसता थांबल्या.

"मग घट्ट धरा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी खिळा ठोकायला घेतला.